‘नाही’चं कपाट

डायनासोरचं अंडं स्कूटरवरून न्यायचं झालं तर ते ठेवावं कुठे, याबद्दल कुठल्याच पुस्तकात मार्गदर्शन नाही. मी ते पायांच्या मध्ये ठेवलं. बायकोच्या नव्या टॉवेलात गुंडाळून, दोन्ही टाचांनी दाबून धरून, केळझरपासून शाळेपर्यंतचं अंतर मी अशा वेगानं कापलं, की एक सायकलवाला मला मागे टाकताना वळून म्हणाला, "पेट्रोल संपलं काय, भाऊ?" मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. आपण कोणाच्या शेजारून चाललो आहोत, हे बिचाऱ्याला काय माहीत!

मी तेव्हा शाळेत नवा होतो. मराठी शिकवायचो. शाळेचं नाव सांगत नाही, सेलू तालुक्यातली आहे एवढं पुरे. जास्त सांगितलं तर पुढे येणारी मोठी माणसं ओळखू येतील. तर त्या सकाळी केळझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन मी टेकडीवर उगाच भटकत होतो आणि नवस न बोलताच हे अंडं पावलं. नारळाएवढं, तांबूस, गुळगुळीत, एका बाजूनं निमुळतं. वरचं कवच पापुद्र्यासारखं सुटत आलेलं. आत पिल्लू असणार याबद्दल मला शंकाच नव्हती. पिल्लाला माझं नाव देतील की गावाचं, एवढाच प्रश्न बाकी होता.

स्टाफरूमच्या टेबलावर मी टॉवेल सोडला. गर्दी झाली. कोणी हात लावायला गेलं की मी ओरडायचो. तेवढ्यात आमचा शिपाई महादेव दारातून म्हणाला, "भोयर मॅडमले दाखवलं काय?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांना बोलवायला गेलासुद्धा.

भोयर मॅडम विज्ञान शिकवायच्या. पन्नाशीच्या आसपास वय, बुटक्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या नाड्यात ओवलेलं एक भिंग. त्या आल्या. अंडं दोन्ही हातांनी उचललं, पदरानं एक जागा पुसली, आणि चाटली.

हो. चाटली. कुल्फी चाटावी तशी, शांतपणे, भर स्टाफरूममध्ये.

"सर, हाड असतं तर जिभेले चिपकलं असतं," त्या म्हणाल्या. "हाडात बारीक बारीक जाळी राह्यते. हे नाई चिपकलं."

"पण मॅडम, हे हाड नाहीच. अंडं आहे."

"असं काय? मग कवच दाखवा."

मी सुटत आलेला पापुद्रा मोठ्या अभिमानानं उचकटला. त्याच्याखाली आणखी एक पापुद्रा होता. तोही उचकटला. खाली तिसरा.

"कोणती कोंबडी एकावर एक तीन कवचं घालते, सर?" मॅडमनी विचारलं. आवाजात टिंगल नव्हती, खरोखरची चौकशी होती, आणि तेच जास्त लागलं. "काळा दगड आहे हा. ऊन-पाणी खाऊन खाऊन असाच सोलत जाते, कांद्यावानी. कोपरे आधी झिजते, म्हणून गोल होते. पण लय चांगला सापडला तुम्हाले. असा निमुळता माझ्याकडे नव्हता."

मग त्यांनी पर्समधून एक कोरं कार्ड काढलं आणि माझं पूर्ण नाव विचारलं. कार्डावर लिहिलं: "वस्तू – दगडी गोळा. आणणाऱ्याला वाटलं – डायनासोरचं अंडं. का वाटलं – आकार, कवच. का नाही – कवचाखाली पुन्हा कवच." आणि खाली माझं नाव, वडिलांच्या नावासकट.

वडिलांना यात ओढायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

जिन्याजवळच्या एका खोलीत मॅडमची दोन कपाटं होती. एक लहान, लाकडी, एका काचेला तडा गेलेलं. त्यावर खडूनं लिहिलेलं: ‘आहे’. दुसरं लोखंडी, दुहेरी दाराचं, पोट सुटल्यासारखं फुगलेलं. त्यावर: ‘नाही’. ‘आहे’मध्ये जीवाश्म होते, म्हणजे कधी काळी जिवंत असलेल्या आणि आता दगड झालेल्या वस्तू. गोगलगायी, लाकडाचे दोन तुकडे, एका पानाचा ठसा. सगळे मिळून एका परातीत मावतील एवढे. आणि ‘नाही’मध्ये होती लोकांची स्वप्नं. हत्तीचा दात, नागाचा फणा, दगड झालेलं वांगं, राक्षसाचा अंगठा. प्रत्येकाखाली कार्ड, प्रत्येक कार्डावर फसलेल्या माणसाचं नाव.

मला वाटलं होतं, या कपाटात नाव लागणं म्हणजे नामुष्की. पण पालकसभेच्या दिवशी पाहिलं तर पोरं आईबापांना हाताला धरून आणत होती. "हे पाह्य बाबा, माह्यं नाव. दुसऱ्या फळीवर." आणि बाबाही कौतुकानं पाहत होते. खालच्या फळीवर पहिला नंबर महादेवचा होता. हत्तीचा दात त्याचाच. पांढऱ्या गारगोटीचा तुकडा निघाला होता. महादेव रोज सकाळी कपाट पुसताना आपलं कार्ड जरा पुढे सरकवायचा.

मी एकदा मॅडमना विचारलं, की खरं कपाट एवढंसं आणि खोटं एवढं मोठं, हे जरा उलट नाही का? त्या म्हणाल्या, "खरं काय ते समजाले एक दगड पुरते, सर. खोटं कसं कसं फसवते ते समजाले कपाट भरून लागतात."

त्यांची रीत ठरलेली होती. कोणी दगड आणला की आधी स्वतः काहीच बोलायच्या नाहीत. "तीन कारणं सांग," म्हणायच्या. का वाटतं हा जिवंत होता म्हणून? आकार हे कारण चालायचं नाही. "आकारावर नाई जायचं. आलूले कधी नाक असते, म्हणून तो माणूस होते काय?" मग भिंग द्यायच्या, दगड ओला करायला लावायच्या, फुटलेली बाजू उजेडाकडे फिरवायला लावायच्या. पोर स्वतःच हळूहळू गप्प व्हायचं आणि म्हणायचं, "मॅडम, दगडच वाटून राह्यला." तेव्हा त्या अशा काही खूश व्हायच्या, की पोराला वाटायचं आपल्याला बक्षीस लागलं.

मॅडमच्या घरी मात्र दगड आणायला बंदी होती. बंदी त्यांच्या यजमानांची, म्हणजे भोयर भाऊजींची. ते मला म्हणाले होते, "बाहेरचे दगड बंद केले, पण तुरीच्या डाळीतले कसे बंद करू? ही डाळ निवडाले बसली की एकेक खडा भिंगाखाली. आमच्याकडे जेवताना खडा लागला तर दाताची चौकशी नंतर होते. पहिले विचारते, खडा फेकला तर नाई ना?"

यानंतर मी सुधारलो असतो तर हे व्यक्तिचित्र इथेच संपलं असतं. पण पुढच्याच उन्हाळ्यात साडूकडे देवळीला गेलो असताना, विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या ढिगाऱ्यात मला एक चपटा दगड सापडला. त्यावर नेचाची पानं होती. अगदी स्पष्ट, काळी, नाजूक, कोणी बारीक कुंचल्यानं काढल्यासारखी. या वेळी मी शहाणा झालो होतो. आकारावर गेलो नाही. दगड चाटला, भिंगातून पाहिला, आणि मग रीतसर एक ललित लेख लिहिला. ‘पाषाणातली पालवी’. आठ पानं. शाळा उघडल्यावर स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. चिरंतनाचा स्पर्श वगैरे त्यात बरंच काही होतं. चित्रकलेच्या सरांनी डोळे पुसले. त्यांना धुळीची ॲलर्जी होती, हे मागाहून कळलं.

मॅडमनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "महादेव, चुन्याची डबी दे बरं."

महादेवनं लाजत खिशातून तंबाखूच्या जोडीची चुन्याची डबी काढली. मॅडमनी जुन्या फोटोफ्रेमच्या दोन काचा आणल्या, एकीवर ओला चुना बोटभर लावला, दुसरी वरून दाबली, आणि सटकन ओढून वेगळी केली.

काचेवर नेचं उगवलं होतं. फांद्या, फांद्यांना फांद्या, टोकाला नाजूक पानं.

"एका मिनिटात झालं, सर," त्या म्हणाल्या. "दगडाच्या चिरेतून पाणी झिरपते, त्यात काळं काही विरघळलेलं असते, ते असंच पसरते. खऱ्या झाडाले देठ पाह्यजे, पानाले शिर पाह्यजे. अन् सगळी पानं एका घरची दिसली पाह्यजे. हे पाहा तुमचं. एक फांदी इकडे चालली, दुसरी तिकडे, मधातच तिसरी फुटली. घरात कोणाचं कोणाले मालूम नाई."

"आणि माझा लेख?" मी विचारलं. म्हणजे मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"लेख लय सुंदर आहे. द्या इकडे."

आठही पानं त्यांनी नीट घडी घालून त्या दगडाखाली, ‘नाही’च्या कपाटात ठेवली. माझं ते एकमेव लेखन, जे आजवर कोणी रद्दीत घातलेलं नाही.

पण ‘नाही’ म्हणणारी बाई म्हणून त्यांची आठवण ठेवली तर तो अन्याय होईल. त्यांना ‘आहे’ म्हणताना मी पाहिलं आहे. सातवीची सहल नाल्यावर गेली होती. पोरं दरडीखाली विखुरली होती. एक मुलगी राखी रंगाचा एक टणक तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, यात बारीक बारीक भोवरे आहेत."

मॅडमनी त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. भिंग डोळ्याला लावलं. मग बसल्या. खालीच, ओल्या रेतीत, साडीची पर्वा न करता.

"मोज," त्या मुलीला म्हणाल्या. "किती आहेत?"

"नऊ."

"सगळे सारखे आहेत काय?"

"नाई. लहान-मोठे आहेत. पण वळण एकाच बाजूले आहे सगळ्यायचं."

"कोणत्या?"

"डाव्या."

"घरातली माणसं आहेत पोरी ही!" मॅडम एकदम ओरडल्या, आणि हसायलाच लागल्या. "आई, बाप, लेकरं, सगळा परिवार! या रे सगळे, या इकडे. पाहुणे आले."

चाळीस पोरांनी गर्दी केली. मॅडमनी दरड दाखवली. खाली काळा दगड, वर काळा दगड, मधे हातभर जाडीचा राखी पट्टा. "एकदा जमिनीतून आग निघाली, थंड झाली. मग काही हजार वर्षं सवड भेटली. पाऊस पडला, तळं साचलं. तेवढ्या सवडीत या गोगलगायींनी संसार केला. मग वरून पुन्हा आग आली. म्हणजे दोन आगींच्या मधातली सुट्टी आहे ही. तुम्ही त्या सुट्टीत बसले आहात सध्या." मग पिशवीतून गूळ-फुटाणे काढून सगळ्यांना वाटले, आणि दोन फुटाणे त्या दगडाजवळ ठेवले. "पाहुण्यायले आधी," म्हणाल्या.

नंतर आलं त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष.

संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब मोठे दिलदार आणि तितकेच घाईचे गृहस्थ. त्यांच्या मनात आलं, शाळेत डिजिटल वर्ग पाहिजे. मोठा पडदा, संगणक, सगळं. खोली कोणती? जिन्याजवळची, दगडांची. "दगडं मैदानात टाका," ते म्हणाले. "तसेही खड्डे पडलेच आहेत."

मॅडमनी त्या दिवशी सगळे तास घेतले. दुपारी मी खोलीत डोकावलो तर त्या ‘नाही’चं कपाट उघडून कार्डं एकेक वाचत होत्या, जुनी पत्रं वाचावीत तशी.

"घरी न्या ना मॅडम," मी म्हटलं. "भाऊजींची मी समजूत घालतो."

"घरी नेले तर माझे होतील, सर. हे माझे नाईत. यांच्यावर नावं आहेत लेकरायची. इथं राह्यले तरच त्यायले अर्थ आहे." मग म्हणाल्या, "खड्ड्यात टाकले म्हणजे मग दगड अन् दगडात फरकच काय राह्यला?"

त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला. आणि मला कोणी न सांगता मी मदतीला धावलो. माझ्या आयुष्यातले बहुतेक अपघात याच क्षणी सुरू होतात.

मी बापूसाहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं शोकेस होतं, त्यात मखमलीच्या गादीवर एक अंडं. वीस वर्षांपूर्वी त्यांना कोणीतरी भेट दिलेलं, डायनासोरचं. आल्यागेल्याला ते दाखवायचेच. मी संधी साधली. "बापूसाहेब, असा नग शोकेसमध्ये? हा तर आपल्या शाळेच्या खोलीत पाहिजे. आपल्या नावासह." बापूसाहेब विरघळले. "असं म्हणता? मग मॅडमनं सगळ्या शाळेसमोर पाहावं, आपल्या हातानं ‘आहे’च्या कपाटात ठेवावं. खोली कायम! डिजिटलचं पाहू दुसरीकडे कुठे."

मी लढाई जिंकल्यासारखा परतलो. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"कसं आहे ते, सर?"

"नारळाएवढं," मी उत्साहानं म्हणालो. "तांबूस. गुळगुळीत. एका बाजूनं निमुळतं. वरचं कवच पापुद्र्या..."

आणि थांबलो.

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. महादेवनं हळूच खुर्ची पुढे केली. मी बसलो.

"मॅडम," मी शेवटी म्हणालो, "एकदाच ‘आहे’ म्हणा. एक अंडं. तीन महिन्यांनी तुम्ही निवृत्त. खोली राहील, कपाटं राहतील."

"सहावीतलं पोरगं बापाच्या वावरातून गोटा घेऊन येते," त्या म्हणाल्या. "चार किलोमीटर डोक्यावर घेऊन येते. त्याले मी तोंडावर नाई म्हणते. अन् बापूसाहेबाले हो म्हणू? त्या पोराचा गोटा काय हलका होता?"



शनिवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर बापूसाहेब आले. स्टीलच्या डब्यात कापसावर अंडं. सगळी शाळा मैदानात बसलेली. मॅडमनी नमस्कार केला, अंडं हातात घेतलं, फिरवलं, तोललं, आणि परत त्यांच्याच हातात दिलं. वर गळ्यातलं भिंग काढून दिलं.

"साहेब, आमच्याकडे रीत आहे. आणणाऱ्यानं तीन कारणं सांगायची."

बापूसाहेब खूश. त्यांना वाटलं सत्काराचाच भाग आहे. "आकार!" ते गरजले.

"आकारावर नाई जायचं!" सहावीच्या रांगांतून चाळीस गळ्यांनी एकसाथ उत्तर आलं.

बापूसाहेब दचकले. "मग... कवच!"

"सोलून पाहा, साहेब," मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "नखानं निघते."

त्यांनी सोललं. खाली पाहिलं. पुन्हा सोललं. भिंग लावलं. मैदानात एवढी शांतता झाली की पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा ऐकू येत होता. बापूसाहेबांची मान वर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"मॅडम, स्पष्ट सांगा."

"दगड आहे, साहेब."

"नक्की?"

"नक्की. म्हणाल तर फोडून दाखवते. नाई म्हणाल तर असाच घरी न्या. दिसाले सुंदर आहे, त्यात खोटं काही नाई."

बापूसाहेब थोडा वेळ त्या गोळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "फोडा."

मॅडमनी लहान हातोडी घेतली. तिसऱ्या घावाला गोळा दुभंगला. पिल्लू नव्हतं. वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ, आणि मधे काळाकुळकुळीत गाभा. त्या शांततेत महादेव पुढे झाला आणि अत्यंत आदबीनं म्हणाला, "साहेब, खालच्या फळीवर माह्या बाजूले जागा हाय."

मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा बापूसाहेब फोन लावत होते. खोली मोकळी करायला ठेकेदाराला, असं मला वाटलं. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"अवो, ते फुटलं."

"काय फुटलं?" पलीकडून त्यांच्या सौभाग्यवती.

"अंडं. मॅडमनं फोडलं. दगड निघाला."

मग त्या फोनमधून असं हसू आलं, की पहिल्या रांगेतल्या पोरांनाही ऐकू गेलं. "मी वीस वर्षांपासून काय सांगून राह्यली? त्या दगडापाई लेकरायले हॉलमधी चेंडू नाई खेळू दिला तुम्ही! मले पुसू नाई दिलं! रिकामं झालं ना शोकेस? आता त्यात माह्या कपबश्या ठेवीन. अन् त्या मॅडमले आजच जेवाले घेऊन या!"

आधी सहावी हसली. मग सगळी शाळा. आणि मग बापूसाहेबांचं पोट हलायला लागलं. ते इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

मॅडमनी पर्समधून कार्ड काढलं. नाव विचारलं. पुढे लिहिलं: "आणणाऱ्याला वाटलं – डायनासोरचं अंडं. का वाटलं –" आणि त्यांच्याकडे पाहिलं.

बापूसाहेब डोळे पुसत म्हणाले, "लिहा, वीस वर्षांत कोणी नाही म्हणालंच नाही. बायको सोडून."

त्यांनी तसंच लिहिलं.

खोली राहिली. पण बापूसाहेबांनी डिजिटल वर्गाचा विचार सोडला नव्हता. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "गावंडे सर, तुमची स्टाफरूम बरीच मोठी आहे, नाही?"

अशा रीतीनं आम्ही चौदा शिक्षक दगडांच्या खोलीत राहायला आलो. महिनाभर माझ्याशी कोणी बोललं नाही. गणिताचे सर तर पेपर तपासताना बापूसाहेबांचं अंडं मुद्दाम माझ्यासमोर आणून ठेवायचे.

मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे अकोल्याला गेल्या. कपाटांचा कारभार माझ्याकडे आला. यात माझी लायकी एवढीच, की ‘नाही’च्या कपाटात माझ्या नावाची सात कार्डं होती, एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता. मी अतिशय कडक झालो. लोक दगड आणायचे, मी चाटायचो, मान हलवायचो. आकारावर जाऊ नका, असं गंभीरपणे सांगायचो. दोन वर्षांत एकदाही फसलो नाही.

दोन वर्षांनी मॅडम आल्या. नागपूरला लग्नाला जाता जाता उतरल्या होत्या. बसला तासभर अवकाश होता. चहा आला. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून उंबऱ्याशी एक ओबडधोबड दगड लावलेला होता. मॅडमची नजर तिथे गेली आणि कप ओठांपाशी थांबला.

"हे काय आहे, सर?"

"ते काही नाही. परवा एक बाई घेऊन आल्या होत्या, कापूस वेचता वेचता सापडला म्हणून. चाटून पाहिला. चिकटला नाही."

त्यांनी चहाच्या ट्रेमधला पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा त्या दगडावर ओतला. तपकिरी रेषा उमटल्या. लांबच लांब, एकमेकींना धरून. आडव्या बाजूला वर्तुळं. एका जागी रेषा वळसा घालून गेल्या होत्या. तिथं फांदी फुटली होती कधी काळी.

"सर, चिपकते ते हाड," मॅडम हळूच म्हणाल्या. "लाकूड काऊन चिपकन? हे झाड आहे. दगड झालेलं झाड."

मी त्याला दोन दिवस पायानं सरकवत होतो.

"त्या बाईनं कारणं सांगितली होती काय?"

"चार," मी म्हणालो. "रेषा, साल, फांदीची गाठ, आणि... चुलीत घालून पाहिलं तर जळलं नाही."

"चार कारणं," मॅडम म्हणाल्या. "अन् आपण नाई म्हटलं. नाव काय त्यांचं?"

मी विचारलं नव्हतं.

इतक्या वर्षांत त्या मला कधी रागावल्या नव्हत्या. तेव्हाही रागावल्या नाहीत. फक्त कप खाली ठेवला आणि पदर खोचला.

"मले घर मालूम हाय," महादेव म्हणाला. "पुलापलीकडे, मोहाच्या झाडाजवळ."

"गाडी काढ."

"मॅडम, तुमची बस..."

"बस उद्याही आहे. ती बाई दोन दिवसांपासून समजून राह्यली की आपण चुकलो. तुम्ही कार्ड लिहून ठेवा, सर. नाव मी विचारून येते. पूर्ण नाव."

महादेवनं मोटारसायकल काढली. मॅडम मागे बसल्या, तो दगड मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेला. मी फाटकात उभा राहिलो. रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला म्हणून महादेवनं गाडी थांबवली. शेळ्या निघून जाईपर्यंत वाट पाहायची, तर मॅडमनी शेळ्यावाल्यालाच हाक मारली. त्यांना काही पुलापर्यंतही धीर धरवत नव्हता. तो जवळ आला. मॅडम दगडावरची फांदीची गाठ बोटानं दाखवत काहीतरी सांगत होत्या, हसत होत्या. आणि त्या माणसानं काठी बगलेत धरली, डोक्यावरचा दुपट्टा मागे सारला, आणि नीट दिसावं म्हणून खाली वाकला.